बेल्ट सँडर वापरताना या चुका टाळा

हातात धरून चालवायचा बेल्ट सँडर मुळात सपाटी आणण्यासाठी आहे. शेवटचा गुळगुळीतपणा हे त्याचे काम नव्हे. सरस लावून जोडलेल्या फळ्यांमधील उंचसखलपणा काढणे, दाराची कड कमी करणे, वाकड्या भिंतीला लागून बसणारी पट्टी त्या भिंतीच्या आकाराप्रमाणे घासणे, जुन्या लाकडावरील काळपट थर उतरवणे, या कामांत रंध्याला लागणारा वेळ आणि श्रम तो पुष्कळ वाचवतो. मात्र त्याचा पॉलिश पेपरसारखा दाणेदार पट्टा मिनिटाला साधारण 200 ते 400 मीटर वेगाने फिरतो, म्हणजेच हाताची क्षणभराची चूकही लाकडावर लगेच उमटते. सँडरने काम बिघडवले असे म्हटले जाते तेव्हा बहुतेक वेळा कारण एकच असते: वापरणाऱ्याने यंत्रावर दाब दिलेला असतो.

दाब देऊ नये हे यंत्रासोबतच्या पुस्तिकेतही लिहिलेले असते. पण काम पुढे सरकत नाही असे वाटले की हात आपोआप जोर लावतो. यंत्राचे स्वतःचे वजन तीन ते पाच किलो असते आणि कापण्यासाठी तेवढे पुरते. त्यावर जोर दिला की मोटरचा वेग पडतो, पट्टा तापतो, लाकडावर काळे डाग येतात आणि पट्ट्याच्या दाण्यांत राळ व भुसा घट्ट बसतो. पट्टा कापत नसेल, तर तो झिजला आहे, भरला आहे किंवा चुकीच्या ग्रिटचा (दाण्यांच्या जाडीचा क्रमांक; तो जितका मोठा तितके दाणे बारीक) आहे, एवढाच त्याचा अर्थ असतो. भरलेला पट्टा स्वच्छ करण्यासाठी कच्च्या रबराची कांडी मिळते. यंत्र चालू ठेवून ती फिरत्या पट्ट्यावर टेकवली की अडकलेला भुसा निघून येतो. देवदार किंवा पाइनसारख्या राळेच्या लाकडावर काम करताना ही कांडी हाताशी असलीच पाहिजे. पट्टा नवा असूनही डाग येत असतील, तर यंत्र उलटे करून पट्ट्यामागची सपाट पट्टी आणि तिच्यावरील ग्रॅफाइटचे अस्तर तपासावे. ते फाटले किंवा झिजले की घर्षण वाढते आणि पट्ट्याची पाठच तापू लागते.

खड्डे आणि गोल झालेल्या कडा

टेबलटॉपवर पॉलिश चढल्यानंतर दिसणारे उथळ खड्डे ही सर्वांत अधिक आढळणारी तक्रार आहे. यंत्र लाकडावर टेकवूनच खटका दाबला, तर ते झटक्याने पुढे धावते आणि त्या जागी खाच पडते. म्हणून यंत्र हवेत चालू करावे, पट्ट्याने पूर्ण वेग घेतल्यावर पुढे सरकवतच हळू उतरवावे, आणि उचलतानाही ते चालतेच असावे. एका जागी क्षणभरही थांबू नये. प्रत्येक फेरी आधीच्या फेरीवर पट्ट्याच्या निम्म्या रुंदीइतकी चढलेली असावी. फळ्यांच्या सांध्यांवरील उंचवटा काढताना प्रथम लाकडाच्या रेषांना तिरके घासले तर सपाटी लवकर येते. त्यानंतर त्याच ग्रिटने रेषांच्या दिशेने घासून तिरके ओरखडे पूर्ण काढले पाहिजेत. पृष्ठभागावर आधी पेन्सिलीने आडव्यातिडव्या फिक्या रेघा मारून ठेवल्या, तर कोठे घासले गेले आणि कोठे राहिले हे स्पष्ट दिसते.

फळीच्या टोकाशी यंत्र निम्म्यापेक्षा अधिक बाहेर गेले की ते झुकते आणि कड गोल होते. दाराच्या अरुंद कडेवर तर यंत्र डोलतेच. अशा वेळी कडेच्या दोन्ही बाजूंना तिच्या पातळीत एकेक टाकाऊ लाकडी पट्टी क्लॅम्पने आवळावी. यंत्राला रुंद आधार मिळतो आणि गुण्या लावला तर काटकोन कायम असल्याचे दिसते.

येथे एक चूक विस्ताराने सांगण्यासारखी आहे, कारण ती कोकणात आणि मुंबईत जवळजवळ प्रत्येक पावसाळ्यात होते. जुलैमध्ये दार फुगते, चौकटीला घासू लागते आणि लगेच सँडर लावून त्याची कड उतरवली जाते. हिवाळ्यात तेच दार आकसले की फट उघडी पडते, आणि काढलेले लाकूड काही परत येत नाही. पावसाळ्यात केवळ अडखळणारा भाग, तोही दार उघडझाक होईल इतकाच, घासावा आणि उरलेले काम कोरड्या हवेपर्यंत थांबवावे. शिवाय अशा दाराची खालची आणि वरची कड तपासावी. दिसत नाही म्हणून तिला पॉलिश किंवा रंग लावलेलाच नसतो आणि ओल तेथूनच शिरते. ती कड बंद केल्याशिवाय कितीही घासले तरी पुढच्या वर्षी तीच अडचण येते.

ओलाव्याचीच दुसरी चूक सरसाच्या सांध्यांत होते. पाण्यात मिसळणारा सरस लावल्यावर सांध्याजवळचे लाकूड थोडे फुगलेले असते. ते सुकण्यापूर्वी सँडर फिरवून सपाट केले, तर नंतर लाकूड आकसते आणि सांध्याच्या जागी बारीक चर दिसू लागते. किमान एक दिवस थांबणे हाच उपाय आहे. बाहेर आलेला सरसही आधी पटाशीने खरवडून काढावा, नाहीतर तो उष्णतेने मऊ होऊन पट्टा भरतो.

ग्रिट आणि ओरखडे

उंचवटा मोठा असेल तर 60, साधारण कामासाठी 80, त्यानंतर 120, असा क्रम बहुतेक लाकडांना चालतो. 60 वरून थेट 120 वर उडी घेतली की खोल ओरखडे तसेच राहतात आणि पॉलिशच्या पहिल्या हाताला ठळक दिसतात. प्रत्येक टप्प्यानंतर दिवा तिरका धरून पाहावे. 120 नंतर हे यंत्र बाजूला ठेवून ऑर्बिटल सँडर (छोट्या वर्तुळांत फिरणारा हलका सँडर) किंवा लाकडी ठोकळ्याला गुंडाळलेला पॉलिश पेपर वापरणे मी अधिक योग्य मानतो. दाराच्या चौकटीत उभ्या आणि आडव्या पट्ट्या जेथे मिळतात, तेथे आधी आडव्या पट्ट्या घासाव्यात आणि मग उभ्या, म्हणजे सांध्यावर चढलेले आडवे ओरखडे दुसऱ्या फेरीत निघतात. विनीयरच्या (वर चांगल्या लाकडाचा पातळ थर चिकटवलेल्या) प्लायवुडवर मात्र हे यंत्र लावूच नये; वरचा थर अनेकदा अर्ध्या मिलिमीटरहूनही पातळ असतो.

पट्टा सरकतो, तुटतो किंवा फिरत नाही

पट्टा एका बाजूला सरकत असेल तर यंत्र उलटे धरून चालू करावे आणि बाजूची घुंडी अगदी थोडी थोडी फिरवत पट्टा मध्यावर आणावा. तरीही तो सरकत राहिला, तर रोलरवर भुसा चिकटला आहे का ते पाहावे. पट्टा जोडावर तुटत असेल तर आतील बाजूचा बाण यंत्रावरील बाणाशी जुळतो का ते तपासावे. दमट जागेत ठेवलेल्या पट्ट्यांचा जोडही सुटतो, म्हणून ते घडी न घालता जाड गोल खुंटीवर कोरड्या जागी टांगावेत. मोटर चालते पण पट्टा फिरत नाही, अशा वेळी बाजूच्या झाकणाखालील मोटरची गती रोलरला देणारा छोटा दातेरी ड्राइव्ह बेल्ट तुटलेला असण्याची शक्यता मोठी असते. तो स्वस्त असतो आणि घरी बदलता येतो.

घासायचे लाकूड पक्के बांधलेले असावे. पट्ट्याची खालची बाजू मागे सरकते, त्यामुळे सुटे लाकूड थेट चालवणाऱ्याच्या अंगावर येते. क्लॅम्प लावता येत नसेल तर लाकडाच्या आपल्या बाजूच्या टोकाशी एक पट्टी ठोकून अडसर करावा. प्लग लावण्यापूर्वी खटक्याचे लॉक सुटलेले आहे याची खात्री करावी आणि वायर खांद्यावरून मागे सोडावी.

जुन्या वाड्यांचे सागवान घासताना दोन गोष्टी विसरून चालणार नाहीत. पहिली म्हणजे खिळे. ते पट्टा फाडतात, शिवाय त्यांवरून उडालेली ठिणगी भुशाच्या पिशवीत जाऊन धुमसत राहू शकते. त्यामुळे लाकूड आधी चुंबकाने तपासावे आणि पिशवी काम संपताच घराबाहेर रिकामी करावी. दुसरी गोष्ट म्हणजे जुना रंग. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण 90 पीपीएमवर (दहा लाख भागांत 90 भाग) मर्यादित करणारे नियम भारतात 2016 मध्ये झाले आणि नोव्हेंबर 2017 पासून लागू झाले. त्याआधीच्या रंगात शिसे असू शकते. असा रंग सँडरने घासून त्याची धूळ घरात उडवू नये, विशेषतः लहान मुले किंवा गरोदर स्त्री घरात असताना. साध्या लाकडाची धूळही निरुपद्रवी नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने तिला कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवले आहे. तोंडाला रुमाल बांधून भागत नाही. एन 95 दर्जाचा मास्क आणि यंत्राला जोडलेला व्हॅक्यूम, ही या कामाची साधने मानूनच खरेदीच्या यादीत धरावीत.