नोकरकपातीनंतर रॅन्समवेअर आलं, तर मजल्यावर काय करायचं

अंधेरी-पवईतल्या ऑफिसात रॅन्समवेअरने (फाइली लॉक करून पैसे मागणाऱ्या प्रोग्रामने) स्क्रीनवर खंडणीची चिठ्ठी झळकवली की पहिला प्रश्न 'काढलेल्यांपैकी कोणी केलं का?' हाच येतो. पुराव्याआधी नाव घेऊ नका. बहुतेकदा वाट फिशिंगच्या, म्हणजे फसव्या, मेलची किंवा चोरलेल्या पासवर्डची असते. मात्र गेलेल्यांची व्हीपीएन (बाहेरून ऑफिसच्या नेटवर्कमध्ये येण्याची), अ‍ॅडमिन आणि सामायिक खाती त्याच तासात तपासा. सामायिक पासवर्ड बदलायचा हमखास राहतो.

मशीनची नेटवर्क केबल काढा, वाय-फाय बंद करा, पण मशीन बंद करू नका. मेमरीतला पुरावा जातो. बॅकअपही लगेच जोडू नका, तोही लॉक होईल. सर्ट-इनला (केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेला) सहा तासांत कळवणं बंधनकारक आहे. १९३० ही सायबर गुन्ह्याच्या तक्रारीची वेगळी हेल्पलाइन.

लोक चिडलेले असतात, काहींना आतून गंमतही वाटते. वाटू द्या. मेल बंद असल्याने टीमलीडने फोन करावा, दर दोन तासांनी, नवं काही नसलं तरी. पगार कधी होणार, हे पहिल्याच फोनमध्ये सांगा. बँकेला गेल्या महिन्याच्या यादीवरून पैसे सोडायला सांगता येतं, फक्त गेलेल्यांची नावं आधी वगळा. त्यांच्या पगाराचा हिशेब वेगळा, कायद्याने दोन कामाच्या दिवसांत. उरलेल्यांना रात्री थांबवलंत तर शेवटची लोकल चुकेल, टॅक्सीचे पैसे द्या.