गाडी घरी धुणं, पॉलिश आणि वॅक्स: रंग न झिजवता

गडद रंगाची गाडी कडक उन्हात उभी असेल तेव्हा तिच्या बॉनेटवर पडलेलं सूर्याचं प्रतिबिंब नीट पाहा. त्याभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेषा दिसतील. त्या गोल फिरवल्यासारख्या वाटतात, पण प्रत्यक्षात सगळ्या दिशांना पडलेल्या असतात. प्रकाशाला आडव्या आलेल्या तेवढ्याच चमकतात, म्हणून गोलाकाराचा भास होतो. हे चरे रस्त्यावर क्वचितच पडतात. बहुतेक आपल्याच हातून पडतात: कोरड्या फडक्याने धूळ झटकताना, एकाच बादलीतलं गढूळ पाणी पुन्हा पुन्हा फिरवताना आणि घाईघाईने पुसताना.

पत्र्यावर प्रायमर, त्यावर रंग आणि सगळ्यात वर क्लिअरकोट हा पारदर्शक थर, असं सगळं मिळून साधारण 100 ते 150 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडी असते. त्यात क्लिअरकोट जेमतेम 40 ते 50 मायक्रॉनचा. पॉलिश करणं म्हणजे हाच थर किंचित झिजवून सपाट करणं. झिजलेलं परत भरून येत नाही. त्यामुळे धुणं जितकं नीट, तितकी पॉलिशची वेळ लांबते.

धुण्याआधीची तयारी

लागेल ते असं: दोन मोठ्या बादल्या आणि चाकांसाठी तिसरी छोटी, कार शाम्पू, लांब तंतूंचा मायक्रोफायबरचा हातमोजा, पुसायला मोठा जाड मायक्रोफायबर टॉवेल आणि चाकांसाठी वेगळा ब्रश व जुना फडका. दोन्ही मोठ्या बादल्यांच्या तळाशी बसणारी प्लास्टिकची जाळी मिळाली तर जरूर घ्या. तिच्याखाली वाळू बसून राहते, ढवळली तरी वर येत नाही.

स्पंज नको. त्याचा पृष्ठभाग सपाट असतो, त्यामुळे वाळूचा कण स्पंज आणि रंग यांच्यामध्ये अडकतो आणि पॅनेलभर घासला जातो. हातमोज्याच्या तंतूंमध्ये तो कण आत शिरतो.

भांडी घासायचा साबण आणि कपड्यांची पावडर हे दोन्ही टाळा. भांड्यांचा साबण तेलकटपणा काढण्यासाठीच बनवलेला असतो, त्यामुळे वॅक्सही उतरवतो. पावडरीचे न विरघळलेले दाणे घासले जातात ते वेगळंच. कार शाम्पूचं खरं काम फेस करणं नसून घसरण देणं आहे: मोजा रंगावरून सरकला पाहिजे, अडखळता कामा नये. प्रमाण बाटलीवर दिलेलं असतं, बहुतेक शाम्पूंना 10 लिटर पाण्यात 20 ते 40 मिली पुरतात. जास्त ओतला तर गाडी जास्त स्वच्छ होत नाही, फक्त धुऊन काढायला त्रास होतो आणि वाळल्यावर पुसट थर राहतो.

गाडी सावलीत हवी आणि थंड हवी. बॉनेटला हाताची मागची बाजू लावून पाहा, गरम वाटलं तर थांबा. गरम पत्र्यावर पाणी आणि शाम्पू वाळतात आणि डाग सोडतात.

धुणं

चाकांपासून सुरुवात करा. शेवटी केली तर स्वच्छ झालेल्या दारांवर घाण उडते. चाकांवरची काळी पूड म्हणजे ब्रेकच्या पॅड आणि डिस्कचे कण. त्यात लोखंड असतं, ते रिममध्ये रुतून गंजतं. त्यासाठी लोखंड विरघळवणारा क्लीनर मिळतो. तो फवारल्यावर कणांवर जांभळा ओघळ येतो, घाबरू नका, ती रासायनिक क्रिया आहे. वाळायच्या आत धुवा. गाडी नुकतीच चालवून आणली असेल तर चाकं निवू द्या. चाकांचा ब्रश आणि फडका अंगाला कधीही लावू नये, एकदाही नाही.

मग साध्या पाण्याने वरून खाली सगळी गाडी भिजवा. यात कंजुषी करू नका, तीन-चार मिनिटं तरी द्या. हात न लावता जेवढी धूळ निघेल तेवढे चरे वाचतात. मडगार्डच्या आतला आणि दारांच्या खालच्या कडेचा चिखल नुसत्या पाण्याने सुटेपर्यंत मारा. प्रेशर वॉशर असेल तर रुंद फवारा ठेवा आणि किमान 30 सेंटिमीटर अंतर राखा. रंगाचा टवका उडालेली जागा, स्टिकरच्या कडा आणि दारांची रबरं यांच्यावर जवळून मारलं तर ती सोलली जातात.

आता एका बादलीत शाम्पूचं पाणी, दुसरीत साधं. मोजा शाम्पूच्या पाण्यात बुडवा आणि छतापासून सुरू करा. नंतर काचा, बॉनेट, डिकी, दारांचा वरचा भाग आणि अगदी शेवटी दारांचा खालचा भाग व बंपर. सगळ्यात जास्त वाळू खालीच असते, म्हणून हा क्रम. एक पॅनेल झालं की मोजा साध्या पाण्यात जाळीवर चोळा, पिळा आणि मगच पुन्हा शाम्पूत घाला. दाब देऊ नका, मोज्याचं स्वतःचं वजन पुरे. हात सरळ रेषेत चालवा. चुकून चरा पडलाच तर सरळ रेषा एका कोनातूनच दिसते, गोल फिरवलेली प्रत्येक बाजूने दिसते. साधं पाणी गढूळ झालं की बदला. मोजा जमिनीवर पडला तर बादलीत बुडवून भागत नाही, नळाखाली उलगडून धुवा किंवा दुसरा घ्या.

एकेक बाजू संपली की लगेच पाणी मारा. शेवटच्या धुण्याला नळीचं तोंड काढून टाका आणि पाणी मंद धारेने छतावरून सोडा. पाण्याचा अखंड पडदा खाली उतरताना बरेचसे थेंब सोबत ओढून नेतो आणि पुसायचं काम निम्मं होतं.

पुसताना टॉवेल पसरून ठेवा आणि हलकेच आपल्याकडे ओढा, नाहीतर नुसता टिपा. घासायचं नाही. आरसे, दारांचे हँडल आणि नंबरप्लेटच्या मागून पाणी ओघळत राहतं, तिथे वेगळ्या छोट्या फडक्याने पुन्हा एक फेरी मारा. दारं उघडून आतल्या कडा आणि इंधनाच्या झाकणाची खाच पुसायला विसरू नका.

क्षार जास्त असलेलं जड पाणी आपोआप वाळू दिलं की मागे कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे पांढरे गोल डाग राहतात. ताजे असतील तर पांढरं व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन भिजवलेला फडका मिनिटभर ठेवा आणि भरपूर पाण्याने धुवा. डाग गेला पण बोटाला किंवा डोळ्याला खळगा जाणवतो, तर क्लिअरकोट कोरला गेला आहे. तिथे फक्त पॉलिशचा उपयोग होईल, आणि तोही खळगा उथळ असेल तरच.

पक्ष्यांची विष्ठा धुण्याच्या दिवसाची वाट पाहत ठेवायची गोष्ट नाही. ती आम्लधर्मी असते, शिवाय उन्हात क्लिअरकोट फुगतो आणि थंड होताना वाळलेल्या विष्ठेभोवती आकसतो. त्याच आकाराचा ठसा कायमचा उमटू शकतो. ओला फडका पाच-दहा मिनिटं वर ठेवा, मऊ झाली की उचलून घ्या. कोरडी खरवडू नका, त्यात बियांची टरफलं आणि खडे असतात.

धुऊन झाल्यावर गाडी पाच मिनिटं चालवा आणि सावकाश दोन-चार वेळा ब्रेक लावा. ओल्या डिस्कवर रात्रभरात गंजाचा तांबूस थर येतो, आणि पार्किंग ब्रेक लावून ठेवला असेल तर पॅड चिकटूही शकतात.

क्ले बार

धुतलेल्या, कोरड्या बॉनेटवर हातात पातळ प्लास्टिकची पिशवी घालून बोटं फिरवा. खरखरीत लागलं तर रंगात लोखंडाचे कण, डांबराचे शिंतोडे किंवा झाडाचा चीक बसला आहे. यावर पॉलिश केलं तर हेच कण पॅडखाली फिरतील. डांबर आधी टार रिमूव्हरने मऊ करून काढा. मग क्ले बारचा, म्हणजे रुतलेले कण ओढून काढणाऱ्या मऊ मातीसारख्या वडीचा, 30-40 ग्रॅमचा तुकडा चपटा करा, पृष्ठभागावर क्ले ल्युब्रिकंट (घसरण देणारा द्रव) भरपूर फवारा आणि साधारण दीड फूट लांबी-रुंदीच्या भागात सरळ, हलक्या हाताने फिरवा. सुरुवातीला अडखळतो आणि हळूहळू गुळगुळीत सरकू लागतो, तिथे काम झालं. क्ले घडी घालून नवी बाजू काढत राहा. जमिनीवर पडला तर फेकून द्या, वाळू चिकटलेला क्ले म्हणजे सँडपेपरच. क्लेने थोडे बारीक चरे पडतात, म्हणून तो पॉलिशच्या आधीच करायचा.

पॉलिश

नावांचा गोंधळ इथे सगळ्यात जास्त. कंपाउंड आणि पॉलिश दोन्ही झिजवतात, कंपाउंड जास्त आणि पॉलिश कमी. वॅक्स झिजवत नाही, वर थर देतं. पॉलिश आणि वॅक्स एकत्र असलेल्या बाटल्या मिळतात. चमक येते, पण त्यातला बराच भाग चरे भरून लपवण्याचा असतो आणि काही धुण्यांनंतर चरे परत दिसतात.

आधी चरा नखाने तपासा. नख अडकलं तर तो खोल आहे, पॉलिशने जाणार नाही. नख अडकेपर्यंत खोल गेलेला चरा घासून काढायच्या नादात भोवतालचा क्लिअरकोट संपतो. मॅट रंगाच्या गाडीला पॉलिश किंवा वॅक्स लावू नका, मॅटपणा जाऊन चकाकणारे चट्टे पडतात आणि ते दुरुस्त होत नाहीत. सिरॅमिक कोटिंग (क्लिअरकोटवर लावलेला कडक संरक्षक थर) असेल तर पॉलिश ते कोटिंगच काढतं.

हाताने करायचं तर फोमचा ॲप्लिकेटर घ्या, वाटाण्याएवढे दोन थेंब आणि एकदम एक-दीड फुटाचाच भाग. तीन-चार मिनिटं घासावं लागतं. पुसटपणा आणि अगदी वरवरचे चरे कमी होतात, संपूर्ण जाळं जात नाही. खरा फरक ड्युअल ॲक्शन पॉलिशरने पडतो. त्याचं पॅड फिरता फिरता डोलतं, त्यामुळे एकाच जागी उष्णता साठत नाही. नुसतं गोल फिरणारं रोटरी मशीन सरावाशिवाय हातात घेऊ नका, ते काही सेकंदांत कडेचा रंग उडवतं आणि उन्हात सरकणाऱ्या ढगाळ पट्ट्या सोडतं.

कडा, पॅनेलच्या ठळक रेषा, रबर आणि काळं प्लास्टिक यांवर मास्किंग टेप लावा. कडांवर रंग मुळातच पातळ बसतो.

बॉनेटच्या एका कोपऱ्यात फूटभर जागेत चाचणी घ्या. सगळ्यात मऊ पॅड आणि सगळ्यात सौम्य पॉलिशने सुरुवात करा, पुरलं नाही तरच एक पायरी वर चढा. पॅडवर वाटाण्याएवढे चार थेंब घ्या आणि मशीन बंद असतानाच ते पृष्ठभागावर टेकवून पसरवा, नाहीतर भिंतीवर उडतील. मशीनवरच्या 1 आकड्याच्या वेगाला पसरवणं, मग 4 ते 5 वेगाला काम. दोन फूट लांब, दोन फूट रुंद भागात आडव्या आणि मग उभ्या फेऱ्या, प्रत्येक फेरी मागच्या फेरीच्या अर्ध्यावर येईल अशी. चार ते सहा फेऱ्या पुरतात. हात सेकंदाला दोन-तीन सेंटिमीटर एवढाच पुढे सरकवा. जवळजवळ सगळेच इथे घाई करतात. पॅडमागच्या थाळीवर पेनाने एक रेघ मारून ठेवा: ती फिरताना दिसली पाहिजे. थांबली तर दाब जास्त आहे किंवा पॅड तिरकं आहे, आणि नुसतं थरथरणारं पॅड काहीच काढत नाही. वायर खांद्यावरून मागे घ्या, गाडीवर घासू देऊ नका.

प्रत्येक भागानंतर पत्र्याला हात लावा. कोमट ठीक. हात ठेववत नाही इतका गरम असेल तर थांबा. प्लास्टिकच्या बंपरवर उष्णता पसरत नाही, तिथे वेग आणि फेऱ्या दोन्ही कमी ठेवा.

काय बिघडतं? पांढरी पूड उडत असेल तर पॉलिश जास्त झालं किंवा पॅडवर वाळलं. पॅड ब्रशने साफ करा. ते प्रत्येक पॅनेलनंतर करायचंच. चरे गेले पण धुरकट दिसतंय, तर मऊ पॅड आणि बारीक पॉलिशने आणखी एक फेरी. पॅडवर गाडीचा रंग उतरला, तर दोन शक्यता. क्लिअरकोट नसलेल्या जुन्या रंगात हे होणारच. क्लिअरकोट असलेल्या गाडीवर झालं, तर तो थर तिथे संपला आहे. ताबडतोब थांबा.

पॉलिशमधलं तेल चरे झाकून खोटं समाधान देतं. आयसोप्रोपिल अल्कोहोल पाण्यात मिसळून साधारण 15 ते 20 टक्क्यांचं मिश्रण करा, त्याने पुसा आणि मग टॉर्च तिरकी धरून पाहा.

वॅक्स

वॅक्सचा थर पातळ हवा. इतका पातळ, की लावलंय की नाही असा प्रश्न पडावा. जाड थर जास्त टिकत नाही, वरचं सगळं पुसूनच टाकावं लागतं आणि हात तेवढे दुखतात. ॲप्लिकेटर किंचित ओला करा, एका वेळी एक पॅनेल घ्या. पाच-दहा मिनिटांनी बोट ओढून पाहा: बोटाखाली स्वच्छ चमक आली तर काढायला तयार आहे, फासल्यासारखं झालं तर थांबा. काढायला साधारण 350 जीएसएमचा (चौरस मीटरला 350 ग्रॅम वजनाचा) मऊ मायक्रोफायबर, आणि त्याची बाजू वरचेवर उलटा.

कार्नौबा वॅक्स म्हणजे ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरचं मेण. खोल, ऊबदार चमक येते, पण ते काही आठवडेच टिकतं. सिंथेटिक सीलंट, म्हणजे वॅक्ससारखाच पण कृत्रिम संरक्षक थर, काही महिने टिकतं. दोन्ही लावायची हौस असेल तर सीलंट आधी, आणि ते दिवसभर मुरल्यावर वर कार्नौबा. नुकताच रंग मारलेल्या पॅनेलला लगेच वॅक्स लावू नका, आतले द्रव उडून जायला वाव हवा. रंगवणाऱ्याला विचारून किमान महिनाभर तरी थांबा.

पुढच्या काचेवर वॅक्स गेलं तर वायपर थरथरतात. काळ्या खरखरीत प्लास्टिकवर वॅक्स लागून पांढरे डाग वाळले असतील, तर मऊ टूथब्रश आणि शाम्पूच्या कोमट पाण्याने घासा. जुने डाग दोन-तीनदा घासावे लागतात.

पाणी पडल्यावर थेंब टपोरे, गोल राहतात तोवर वॅक्स आहे. स्वच्छ धुतलेल्या गाडीवरही पाणी पसरून बसू लागलं की पुन्हा लावा. त्यासाठी दरवेळी पॉलिश करायची गरज नाही.

वापरलेले मायक्रोफायबर फडके सुती कपड्यांबरोबर धुऊ नका, त्यांचे धागे चिकटतात. सौम्य द्रव डिटर्जंट आणि कोमट पाणी वापरा. फॅब्रिक सॉफ्टनर नको, तो तंतूंवर थर धरतो आणि फडका पाणी शोषेनासा होतो. वॅक्सचे फडके आणि चाकांचे फडके वेगवेगळे धुवा आणि वेगळेच ठेवा.