एकाच बँकेची चार कार्डं समोर आली की या चुका टाळा

गेल्या महिन्यात मामेभाऊ बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या घरी आला, मोबाईलवर एकाच बँकेच्या चार क्रेडिट कार्डांचे स्क्रीनशॉट घेऊन, म्हणाला दादा यातलं कुठलं घेऊ सांग. मी म्हटलं आधी तुझं सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट काढ, कार्डांचं नंतर बघू. वैतागलाच तो. पण घोळ होतो तो इथेच, आपण कार्ड कार्डाशी लावून बघत बसतो आणि स्वतःच्या खर्चाशी लावून बघायचं राहूनच जातं.

मी हेच केलं होतं. २,९९९ रुपये वार्षिक फीवालं कार्ड घेतलं, का तर एअरपोर्ट लाउंज होतं आणि सिनेमाच्या तिकिटांवर सूट होती. आता बडोदेकर माणूस मुंबईला जाणार कसा, तर गाडीने, रात्री बसलं की सकाळी मुंबई, विमान वर्षातून एखाद वेळेस. त्यात आता बऱ्याच कार्डांवर आधीच्या तीन महिन्यांत अमुक इतका खर्च केला असेल तरच लाउंज मिळतं, म्हणजे फुकटातल्या सँडविचसाठी आधी खर्च करून या.

बरं, फी माफ होणार होती, वर्षाला २ लाख खर्च केला की. मी वहीत मांडून २ लाखांच्या वर नेला आणि तरी बिलात फी आली, वर १८ टक्के जीएसटी धरून ३,५३८ रुपये ८२ पैसे. कस्टमर केअरला फोन लावला तर म्हणे पेट्रोल, विम्याचा हप्ता आणि वॉलेटमध्ये टाकलेले पैसे त्या २ लाखांत धरत नाहीत. भांडलो खूप, पण अटींच्या कागदावर लिहिलेलं होतं, मीच वाचलं नव्हतं. तो मुख्य अटींचा कागद प्रत्येक बँकेला द्यावाच लागतो, त्यात कुठला खर्च धरत नाहीत ती यादी आधी बघा, ब्रोशरवरचे हसरे चेहरे मग.

पॉइंट मोजता, रुपये मोजत नाही

'१५० रुपयांवर ४ पॉइंट' ऐकून भारी वाटतं. एक पॉइंट किती पैशांचा ते विचारा. समजा २५ पैशांचा आहे, तर १५० रुपयांवर मिळाला १ रुपया, एक टक्कासुद्धा नाही. आणि काही कार्डांवर १५० च्या आतल्या व्यवहाराला काहीच नाही, म्हणजे ८० रुपयांच्या शेव-उसळीवर शून्य.

मामेभावाचा हिशोब असा निघाला. महिन्याला खर्च १५ हजार, त्यातलं पेट्रोल आणि विमा काढून पॉइंट मिळणारा १२ हजार, वर्षाचे १ लाख ४४ हजार. वरच्या दराने ३,८४० पॉइंट, म्हणजे ९६० रुपये. असे पॉइंट देणारं जे कार्ड त्याला हवं होतं, त्याची फी ९९९, जीएसटीसकट १,१७९. सव्वादोनशेचं नुकसान, तेही सगळं वेळेवर भरून! शेजारचं साधं कार्ड, फी ४९९, सरळ १ टक्का कॅशबॅक, जीएसटीसकट फी वजा जाता साडेआठशे हातात. ते त्याने चौथ्या नंबरला ठेवलं होतं, कारण कार्डाचा रंग बरा नव्हता.

'लाइफटाइम फ्री छे, बेन'

मॉलमधल्या टेबलावर वहिनीला असंच सांगितलं होतं. वार्षिक फी नव्हती हे खरं, पण फ्री म्हणजे फक्त फी फ्री. बिल पूर्ण नाही भरलं तर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लागतं, वर्षाचे ४२ टक्के झाले. मिनिमम ड्यू, म्हणजे बिलावर छापलेली किमान रक्कम, भरला की लेट फी वाचते, व्याज नाही वाचत. बिल २० हजारांचं आणि तुम्ही १९ हजार भरले तर व्याज उरलेल्या हजारावरच लागेल असं वाटतं ना, तसं नाही, पैसे भरेपर्यंत पूर्ण २० हजारांवर खरेदीच्या तारखेपासून लागतं आणि पुढच्या नव्या खरेदीलाही बिनव्याजी दिवस मिळत नाहीत. एटीएममधून कार्डावर पैसे काढले तर पहिल्या दिवसापासून व्याज, वर वेगळा चार्ज.

बिल भरायची तारीखसुद्धा बघा. पगार ७ ला आणि ड्यू डेट २ ला असेल तर दर महिन्याला ओढाताण होणारच. बिलाची सायकल बदलून मागता येते, आरबीआयच्या नियमात आहे ते, कार्ड चालू झालं की लगेच करून घ्या.

यूपीआयचं राहिलं. खंडेराव मार्केटात भाजीवाल्याकडे कुठलं आलंय कार्डाचं मशीन, तिथे क्यूआर. यूपीआयला फक्त रुपे (व्हिसा, मास्टरकार्डसारखंच आपलं भारतीय नेटवर्क) क्रेडिट कार्ड जोडता येतं, तेही दुकानाच्या क्यूआरवर चालतं, मित्राला पैसे पाठवायला नाही. तुमचा निम्मा खर्च स्कॅन करून होत असेल तर रुपे घ्या, फक्त यूपीआयवर पॉइंट कमी मिळतात का ते विचारून घ्या.

आणि एक, चारही कार्डांना एकदम अर्ज टाकू नका. प्रत्येक अर्जाची चौकशी सिबिलच्या, म्हणजे आपल्या कर्जफेडीची नोंद ठेवणाऱ्या कंपनीच्या, रिपोर्टवर दिसते आणि एकामागोमाग आल्या की स्कोअर घसरतो. अर्ज नाकारला गेला तर लगेच दुसरा टाकण्याऐवजी आधी रिपोर्ट बघा, वर्षातून एकदा फुकट मिळतो. नवीन नोकरीवाल्यांना एफडीवर कार्ड मिळतं, त्यात काही कमीपणा नाही.

चुकीचं कार्ड घेऊन बसला असाल तर

कार्ड चालूच केलं नसेल आणि ते बँकेने दिल्यापासून ३० दिवस उलटले असतील तर बँकेने चालू करायला तुमचा ओटीपी घ्यावा लागतो, तो देऊ नका, खातं विनाचार्ज बंद करावं लागतं त्यांना. वापरत असाल तर आधी त्याच बँकेचं कमी फीचं कार्ड बदलून मागा, पुष्कळदा देतात. बंदच करायचं असेल तर सगळी बाकी भरून लेखी विनंती टाका, ७ कामकाजी दिवसांत बंद नाही केलं तर दिवसाला ५०० रुपये दंड बँकेला लागतो. फोनवर थांबवायला बघतात, ऑफर देतात, मला तर दोन वेळा 'सर, एक वर्ष फी माफ' सांगितलं, पण ते लेखी द्या म्हटलं की गप्प. पॉइंट मात्र बंद करायच्या आधी वटवा, नंतर जातात. मी वटवले तर त्यालाही ९९ रुपये आणि जीएसटी लागला.