मक्याच्या कडेला नेपियर: पतंगाला वासाने वळवा

मक्यावर अंडी कुठे घालायची हे खोडकिड्याची मादी पतंग अंधार पडल्यावर ठरवते आणि त्यात वासाचा वाटा मोठा असतो. गवत कापताना जो हिरवट वास येतो, त्या वर्गातले वायू मका, ज्वारी आणि नेपियर (वैरणीचे उंच गवत) ही गवते कापली नाहीत तरी सोडत असतात. केनियातील अभ्यासात रात्रीच्या पहिल्या तासात नेपियरचे हे वायू सुमारे शंभरपट वाढलेले आढळले. मका-ज्वारीत वाढ दहापटीपर्यंतच होती. मादी अंड्यांसाठी जागा शोधते तीही याच वेळी. ती नेपियरकडे ओढली जाते, अंडी तिथे घालते आणि नेपियरच्या खोडात शिरू पाहणाऱ्या बहुतेक अळ्या चिकट रसात अडकून मरतात.

हा फायदा खरिपात घ्यायचा तर मका उगवेल तेव्हा नेपियर भरपूर पानांचे हवे. उगवणीनंतरचे पहिले पाच-सहा आठवडे सर्वांत नाजूक. पाणी असेल तर फेब्रुवारी-मार्चमध्येच लावून घ्या. पहिल्या पावसावर, मक्याबरोबरच लावलेले नेपियर त्या हंगामात फारसे कामी येत नाही. पण पीक बहुवर्षीय आहे, पुढच्या वर्षी उपयोग होतो.

शेताच्या चारही कडांना तीन ओळी लावा. दोन ओळींत ७५ सेंमी, दोन ठोंबांत ५० सेंमी. पक्व खोडाच्या दोन डोळ्यांच्या कांड्या घ्या, तिरप्या रोवा, एक डोळा मातीत आणि एक वर. मक्याची पहिली ओळ नेपियरपासून निदान एक मीटर आत घ्या, नाहीतर सावली आणि मुळांची ओढ यामुळे कडेचा मका खुरटतो आणि दोष विनाकारण किडीला जातो.

सगळ्यात जास्त चूक होते ती कापणीत. वैरणीची गरज पडली की एका दिवसात सगळा बांध साफ होतो, आणि त्या रात्रीपासून शेतात मक्याचाच वास उरतो. एका वेळी एकच ओळ कापा. सुरुवात मक्याजवळच्या ओळीपासून करा, म्हणजे सावलीही कमी होते. जमिनीपासून १० सेंमी बुडखा ठेवा. कापलेली ओळ फुटून पानावर आल्याशिवाय पुढच्या ओळीला हात लावू नका.

अमेरिकन लष्करी अळी या मक्याच्या दुसऱ्या किडीसाठी एवढ्यावर भागत नाही. ती नेपियरही खाते, म्हणून इथे नेपियर सापळा पीक म्हणूनच वापरायचे: पानांवर पांढुरके चट्टे किंवा पोंग्यात (शेंड्याच्या कोवळ्या पानांच्या गुंडाळीत) भुशासारखी विष्ठा दिसताच त्या पट्ट्यावर ५ टक्के निंबोळी अर्क फवारा. ५ किलो निंबोळ्या कुटून १० लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी फडक्यातून गाळा, २०० ग्रॅम साबणाचे द्रावण मिसळा आणि एकूण १०० लिटर करा. अर्क त्याच दिवशी, संध्याकाळी, पोंग्यात जाईल असा फवारा. शिळा अर्क आणि दुपारचे ऊन दोन्ही त्याचा जोर घालवतात. रासायनिक कीटकनाशक या पट्ट्यावर नको, तो चारा गोठ्यात जाणार आहे.

केनियात मक्याच्या ओळींमध्ये डेस्मोडियम हे द्विदल पीकही घेतात. त्याचा वास पतंगाला दूर सारतो आणि अळीवर जगणाऱ्या परजीवी गांधीलमाश्यांना ओढतो. आपल्याकडे त्याचे बियाणे सहज मिळत नाही. मक्यात तूर, उडीद किंवा मूग घेता येतो. मात्र या कडधान्यांकडून डेस्मोडियमसारख्या वासाची अपेक्षा धरू नका, त्यांचा उपयोग मित्रकीटकांना आसरा देण्यापुरता समजा.

पट्टा काम करतो का, हे आठवड्याला तपासा. मक्याची २० झाडे आणि नेपियरचे २० फुटवे घ्या, पाने उलटून पाहा. माशाच्या खवल्यांसारखी एकावर एक रचलेली चपटी अंडी खोडकिड्याची, केसाळ आवरणाखालचा पुंजका लष्करी अळीचा. मक्यावर अंडीपुंज जास्त दिसू लागले तर आधी नेपियर किती कापले गेले ते बघा. मक्यातले पुंज पानासकट तोडून नष्ट करा आणि शंभरातल्या पाच झाडांवर लष्करी अळीची लागण दिसताच मक्यावरही निंबोळी अर्काची फवारणी सुरू करा.