एएसी ब्लॉकची भिंत तडकू नये म्हणून

मुंबईत पुनर्विकासाच्या इमारतींत लाल विटेची जागा आता एएसी ब्लॉकने (ऑटोक्लेव्ह्ड एरेटेड काँक्रीट, म्हणजे हवेच्या बुडबुड्यांनी हलका केलेला काँक्रीटचा ठोकळा) घेतली आहे. वीजकेंद्राची राख, सिमेंट, चुना, जिप्सम आणि किंचित अ‍ॅल्युमिनियम पावडर यांतून तो बनतो. वजन घनमीटरला साधारण ५५० ते ६५० किलो, विटेच्या निम्म्याहूनही कमी. शेतजमिनीची माती वाचते, हा मोठाच फायदा. पण गवंड्याने विटेच्या सवयीने बांधकाम केले की तडे ठरलेलेच.

सर्वात मोठी चूक पाण्याची. ब्लॉक हौदात बुडवू नका, ओल्या ब्रशने नुसता पुसून घ्या. भिजलेला ब्लॉक भिंतीत सुकताना आकसतो आणि सांध्यावर केसासारखी रेघ उमटते. म्हणूनच पावसाळ्यात थप्पी जमिनीवर नको. लाकडी पाटांवर रचून ताडपत्रीने झाका.

पहिला थर सिमेंट-वाळूच्या मसाल्यावर, ओळंबा-दोरी लावून अचूक बसवा. पुढचे सांधे ब्लॉक जोडण्याच्या तयार मसाल्याचे, जेमतेम ३ मिमी. उभे सांधेही भरा. एका दिवसात दीड मीटरच्या वर चढू नका.

बीमखाली १५-२० मिमी फट सोडा, ती लगेच भरू नका. भिंत बसल्यावर, शक्यतो वरच्या मजल्यांचे बांधकाम झाल्यावर भरा. नाहीतर बीम वाकला की भार भिंतीवर येतो.

प्लास्टरआधी भिंत आणि कॉलम-बीम यांच्या सांध्यावर दोन्हीकडे किमान १०० मिमी जाईल अशी जाळी ठोका. प्लास्टरचा मसाला १:६ (एक भाग सिमेंट, सहा भाग वाळू), जास्त सिमेंट घातले तर प्लास्टरच तडकते.