तांबड्या भाजीचं बी मुंग्या नेतात? यावर चाललेला उपाय

पाऊस सरल्यावर परसात तांबड्या भाजीचं (लाल माठाचं) बी टाकलं की वाफ्याच्या कडेला चारच रोपं. बी चांगलं होतं; मुंग्या ओढून नेत होत्या. हळद, राख, दाट पेरणी, काही चाललं नाही. वैताग नुसता!

जमलं ते असं. आधी वाफा भिजवून पाणी जिरू दिलं. चमचाभर बी चार मुठी कोरड्या वाळूत कालवून फेकलं (हे काम लेकीचं, तिची मूठ छान सुटते). वर जेमतेम माती, त्यावर पेंढ्याचा पातळ थर, मग झारीने पाणी. शेवटी वाफ्यापासून हातभर लांब, मुंग्यांच्या वाटेवर रवा भुरभुरला. बाथ केकसाठी (गोव्याकडचा रवा-नारळाचा केक) आणलेलाच. मुंग्या त्यातच गुंतल्या. ऑक्टोबरच्या उकाड्यात बी ४-५ दिवसांत रुजतं, तोवर रोज ताजा रवा. कोंब दिसताच पेंढा काढा, नाहीतर रोपं लांबट होतात.