घरच्या तिरंदाजीत या चुका टाळा (आणि दाजींच्या हातात धनुष्य देऊ नका)

परभणीच्या बाहेर आमच्या शेतात दर रविवारी सकाळी पाच-सहा घरं तिरंदाजीला जमतात. लेकरं असतात, त्यांचे आई-बाप असतात आणि बाजेवर बसून गुण लिहायला माझ्या सासूबाई. मी प्रशिक्षक नाही. सात वर्षं बाण मारलेत, त्याहून जास्त वेचलेत. नवीन घर आलं की त्याच चुका नव्यानं बघाव्या लागतात, म्हणून एकदाच लिहून टाकते.

सगळ्यात आवडती चूक म्हणजे ओढायला जड धनुष्य. ओढायला लागणारा जोर पाउंडात मोजतात. २०२३ मध्ये बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत नागपूरच्या ओजस देवतळेनं कंपाउंडच्या, म्हणजे चाकांच्या धनुष्याच्या, अंतिम फेरीत १५० पैकी १५० गुण मारले, साताऱ्याची अदिती स्वामी सतराव्या वर्षी जगज्जेती झाली. तेव्हापासून येणारा प्रत्येक बाप पहिल्याच दिवशी विचारतो, "ताई, कंपाउंड कोणतं घ्यावं?" अहो, पोराला अजून उभं कसं राहायचं ते माहीत नाही!

एका गृहस्थानं तर न विचारताच आठवीतल्या पोरासाठी ३६ पाउंडाचं रिकर्व्ह, म्हणजे टोकं पुढं वळलेलं बिनचाकांचं धनुष्य, आणलं. "वाढतं अंग आहे, पुढं कामाला येईल." शाळेचा गणवेश दोन मापं मोठा घ्यावा तसा हिशेब. पोरगं ओढायला लागलं की खांदे कानाला टेकायचे, कंबर मागं वाकायची, दात आवळलेले. विहिरीतून भरली बादली शेंदावी तसं. बाण सुटायचा तो नेम लागला म्हणून नव्हे, हात थकला म्हणून. चौथ्या रविवारी खांदा धरला. आता ते पोरगं क्रिकेट खेळतं आणि धनुष्य कपाटावर धूळ खातं.

दहा-बारा वर्षांच्या लेकराला १० ते १४ पाउंड, मोठ्या माणसाला सुरुवातीला १८ ते २४ पाउंड पुष्कळ झालं. धनुष्यावर लिहिलेला आकडा साधारण २८ इंच ओढीचा असतो. त्याहून कमी ओढलं की दर इंचाला अंदाजे दोन पाउंड कमी धरा. माझी परीक्षा सोपी आहे. बाण लावायचा, तोंड लक्ष्याकडं, पूर्ण ओढून हात हनुवटीखाली टेकवायचा आणि दोनचा पाढा म्हणायचा. बे दाहे वीसपर्यंत हात थरथरला नाही तर ते धनुष्य तुमचं. "बे सक" लाच गळालात तर हलकं घ्या. ह्यात लाज कसली?

आता दाजींची गोष्ट. दसऱ्याला आम्ही विळा, पाना, शिलाई मशीन यांच्यासोबत धनुष्याचीही पूजा करतो. त्या वर्षी हौसेनं स्ट्रिंग (धनुष्याची दोरी) चढवूनच पाटावर ठेवलं, तेवढंच छान दिसतं म्हणून. सोनं देऊन-घेऊन झालं, जेवणं झाली आणि नणंदेच्या यजमानांनी ते उचललं. "जरा ओढून बघू?" जावयाला नाही कोण म्हणणार? छाती काढून त्यांनी गालापर्यंत ओढलं आणि बाण नसताना दिलं सोडून. कडाड! ऊस मोडावा तसा आवाज. वरच्या पातीला, म्हणजे धनुष्याच्या वाकणाऱ्या वरच्या भागाला, टोकापासून वीतभर चीर. ह्या पातीला सगळे लिम्ब म्हणतात, पहिल्यांदा ऐकणाऱ्याला हमखास झाड आठवतं. दाजी म्हणाले, "माल हलका दिसतोय." आमचे हे हसले. मी स्वयंपाकघरात गेले.

माल हलका नव्हता. ओढलेल्या पातीत साठलेला जोर बाण घेऊन जातो. बाणच नसला तर तो माघारी पातीतच शिरतो. रिकर्व्हची पाती फाटते. कंपाउंडला चाकं आणि केबली असतात, तिथं तुकडे तोंडावर उडू शकतात. कुणी असं केलंच तर समईच्या वातीचा कापूस घेऊन पातीवरून हलकेच फिरवा. कापूस जिथं अडकून धागा सोडेल तिथं चीर असते, डोळ्यांना न दिसणारीसुद्धा. सापडली तर ते धनुष्य पुन्हा ओढायचं नाही, चिकटपट्टी लावूनही नाही. आमच्याकडं आता रिकर्व्ह स्ट्रिंग उतरवूनच घरात येतं आणि स्ट्रिंग माझ्या मशीनच्या खणात राहते. चढवायची ती स्ट्रिंगर, म्हणजे त्यासाठीचा दोर, लावूनच. मांडीत अडकवून वाकवणाऱ्यांच्या पात्या पिळवटतात.

एकाच घरातले सगळे एकाच बाणानं खेळतात, ही चूक दिसायला साधी आणि सगळ्यात भयंकर. लेकराचा बाण आखूड. बापानं तोच लावून ओढला की टोक रेस्टच्या (बाण टेकायच्या जागेच्या) मागं येतं, खाली घसरतं आणि सुटलं तर धनुष्य धरलेल्या हातात घुसतं. दोन्ही हात फैलावून टोकापासून टोकापर्यंत मापा, अडीचनं भागा, ती साधारण तुमची ओढ. सुरुवातीला बाण त्याहून दोन इंच तरी लांब हवा. आमच्याकडं प्रत्येकाच्या बाणाला वेगळ्या रंगाचा दोरा आहे. दुसऱ्याचा दोरा दिसला की बाण खाली.

बायांनो, पदर खोचा, मंगळसूत्र आत टाका, ओढणी घरी ठेवा. स्ट्रिंग काहीही ओढून नेते.

कोपर खाली वळलं असेल तर हातावर निळा वळ उठणारच. कोपर बाहेर फिरवा. आर्मगार्ड, म्हणजे हातावर बांधायचा पट्टा, "नंतर घेऊ" म्हणणारे दुसऱ्या रविवारी घेऊन येतात.

उजव्या हाताच्या माणसाचे बाण सारखे डावीकडं जात असतील तर नेमाला शिव्या देण्याआधी डोळा तपासा. दोन्ही तळव्यांची छोटी खिडकी करून, दोन्ही डोळे उघडे ठेवून लांबचा विजेचा खांब बघा आणि मग एकेक डोळा मिटा. ज्या डोळ्याला खांब खिडकीत राहतो तो तुमचा जोरकस डोळा. माझ्या लेकीचा डावा निघाला. आम्ही दोन महिने तिच्यावर ओरडत होतो.

ओरडण्यावरून आठवलं. बाण मारायच्या रेषेवरच्या माणसाला मागून सल्ला द्यायचा नाही, बाप असलात तरी. तिथं फक्त शिट्टी बोलते, आणि ती सासूबाईंच्या गळ्यात असते. दोन वाजल्या की रेषेवर, एक वाजली की मारायचं, तीनला बाण आणायला, पाच किंवा जास्त वाजल्या की आहे तिथं थांबायचं. बाण आणायला चालत जायचं. धावणारं लेकरू अडखळून बाणांच्या मागच्या टोकांवर पडतं. उपसताना एक हात कागदावर दाबून सरळ ओढा, आणि मागं कुणी उभं नाही हे बघा.

लक्ष्यासाठी गोणीत जुनी लुगडी ठासून भरा, बटणं-चेन काढून. मागं उंच बांध हवा. कडब्याच्या पेंढ्या लावू नका. एक तर फटीतून बाण पार जातो, दुसरं, कार्बनचा बाण त्यात मोडला तर त्याच्या कुसळ्या बैलाच्या तोंडात जातात.

म्हणून आमच्याकडं बाण मोजल्याशिवाय चहा नाही. गेल्या जानेवारीत आगटी पेटलेली, हुरड्याची कणसं तयार, आणि एक बाण कमी. अकरा माणसं पाऊण तास बांधावर ओणवी. सापडला तो गवताखाली जमिनीलगत सरपटत गेलेला, वरून काही म्हणता काही दिसत नव्हतं. शेजारच्या बारक्या पोरानं चप्पल काढून पायानं चाचपून काढला. तोवर आगटी विझली होती, ती पुन्हा पेटवली.